उसने कथानक, घरचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवाद हा परदेशातून आणलेला विचार आहे, तो या मातीत रुजावयाचा नाही, हा आक्षेप गावोगावच्या सभांतून कार्यकर्त्यांना ऐकावा लागतो. आक्षेप जुना आहे आणि त्याला दिली जाणारी उत्तरेही जुनीच आहेत. कोणी कार्यकर्ता तुकोबांच्या अभंगांत समाजवाद शोधतो, कोणी बुद्धाच्या संघात. असा शोध घेणे वाईट नव्हे. पण त्या शोधामागे एक कबुली दडलेली असते, की जे बाहेरून आले ते कमी प्रतीचे, आणि म्हणून आपले काहीच बाहेरून आलेले नाही हे कसेही करून सिद्ध केले पाहिजे. ही कबुली देण्याचे मुळीच कारण नाही. उसने घेणे हा दोष नव्हे. कसे घेतले आणि घेतल्यावर त्याचे काय केले, एवढाच प्रश्न विचारण्याजोगा आहे. या प्रश्नाचे एक चांगले उत्तर कृष्णाकाठी, सांगलीजवळच्या हरिपुरात लिहिले गेले. ते कोणत्याही राजकीय ग्रंथात नाही. एका विनोदी संगीत नाटकात आहे. त्या नाटकाचे नाव ‘संगीत संशयकल्लोळ’.

ज्या वर्षी हे संगीत नाटक प्रथम रंगभूमीवर आले, त्याच १९१६ साली जर्मनीतील डार्मस्टाट या शहरी एक हास्यप्रधान ऑपेरा प्रथम सादर झाला. युरोपात महायुद्ध पेटलेले होते, तरीही नाट्यगृहे चालू होती. त्या ऑपेराचे नाव ‘डामं कोबोल्ट’, संगीतकार फेलिक्स वाइनगार्टनर. कथानक मात्र जर्मन नव्हते. ते काल्डेरॉन या स्पॅनिश नाटककाराच्या १६२९ सालच्या विनोदी नाटकातून घेतलेले होते. माद्रिदमधील एका तरुण विधवेला तिचे दोन भाऊ घरात दडवून ठेवतात. कुळाची अब्रू त्या दोघांच्या हाती आणि त्या अब्रूची शिक्षा तिच्या वाट्याला, असा तो न्याय असतो. भावाचा एक मित्र पाहुणा म्हणून घरी उतरतो. त्याच्या खोलीत आणि तिच्या दालनात एक सरकते कपाट असते. त्या कपाटातून ती गुपचूप ये-जा करते, चिठ्ठ्या ठेवते, सामानाची उलथापालथ करते. आणि पाहुण्याच्या भित्र्या नोकराची खात्री पटते की घरात भूत आहे. प्रेक्षक हसतात. परंतु हसता हसता त्यांच्या लक्षात येते की जिला जिवंतपणी माणूस म्हणून दारात उभे राहण्याची मोकळीक नाही, तिला भूत होऊनच हिंडावे लागते. केशवपन होऊन माजघराच्या अंधारात आयुष्य कंठणाऱ्या विधवा ज्या महाराष्ट्राने पाहिल्या, त्याला या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

स्पॅनिश विनोदी नाटकांनी युरोपभर असा प्रवास केला. मोरेतो या नाटककाराच्या एका मानिनी राजकन्येची गोष्ट मोलिएरने उचलली आणि १६६४ साली व्हर्सायच्या राजोत्सवात फ्रेंच करून दाखवली. तीच गोष्ट १८९४ साली रेझ्निचेक या संगीतकाराने प्राग शहरी ‘डोना डायाना’ या नावाने ऑपेरा करून रंगभूमीवर आणली. माद्रिदची गोष्ट पॅरिसला गेली, प्रागला गेली. तिथे तिला कोणी परकी म्हणून हाकलले नाही. जगातील रंगभूमीचा व्यवहार असाच चालत आलेला आहे. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असते, तो सांगाडा कुठूनही घेतो.

मराठी रंगभूमीचा जन्मच मुळी अशा घेण्यातून झाला, आणि तोही सांगलीस. उत्तर कानड्यातील कर्की गावचे भागवत खेळ करणारे सांगलीस आले होते. संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी ते खेळ पाहिले आणि पदरच्या विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करून दाखवण्याची आज्ञा केली. त्यातून १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. ५ नोव्हेंबर हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे करणाऱ्यांना एक गोष्ट सहसा आठवत नाही, की या आद्य मराठी नाटकाची प्रेरणा कानडी होती. पुढे १८५१ साली चिंतामणराव वारले, राजाश्रय सुटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. दरबाराच्या मर्जीवर जगणारी कला लोकांच्या चार पैशांवर जगू लागली. हा बदल लहान नव्हता. राजाला एकदा खूष केले की भागत असे. तिकीट काढून आलेल्या माणसाला रोज नव्याने पटवावे लागते. परके कथानक असो की पुराणातले, या माणसाला ते आपले वाटले पाहिजे, ही अट तेव्हापासून मराठी नाटककाराच्या मानेवर बसली.

ही अट सर्वांत चांगल्या रीतीने ज्याने पाळली, तो गोविंद बल्लाळ देवल. जन्म १८५५, हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे, संगमेश्वराच्या देवळाचे आणि हळदीच्या पेवांचे हे गाव. देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य. त्यांनी सात नाटके लिहिली आणि त्यांपैकी सहा उसनी आहेत. ‘दुर्गा’ आणि ‘झुंझारराव’ इंग्रजीवरून. त्यातले दुसरे तर शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे, ‘शापसंभ्रम’ बाणाच्या ‘कादंबरी’वरून. सहावे ‘संशयकल्लोळ’. उरलेले एकच नाटक सर्वस्वी त्यांचे स्वतःचे, आणि ते म्हणजे १८९९ सालचे ‘शारदा’. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला पैशासाठी विकली जाणारी मुलगी त्यांनी रंगमंचावर उभी केली आणि महाराष्ट्राला बालाजरठ विवाहाची लाज वाटावयास लावली. पुढे १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, त्याचे प्रचारातील नाव ‘शारदा कायदा’. वास्तविक ते नाव हरविलास सारडा या विधेयक मांडणाऱ्या सभासदावरून पडलेले. परंतु मराठी माणसाला ते देवलांच्या शारदेवरून पडले असे वाटत राहिले. कायद्याच्या पुस्तकापेक्षा नाटकाचा पगडा केवढा मोठा होता, हे या गैरसमजावरून कळते. उसनवारी केल्याने लेखकाची स्वतंत्र बुद्धी मरते, असे म्हणणाऱ्यांनी देवलांकडे पाहावे. सहा वेळा उसने घेऊन ज्याने हात तयार केला, त्याच्याच हातून ‘शारदा’ उतरली.

आता ‘संशयकल्लोळ’कडे वळावे. त्याची वंशावळ अशी. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ नावाचे छोटे प्रहसन केले आणि मुख्य भूमिका स्वतः केली. बायको बदफैली आहे अशा कल्पनेने पछाडलेल्या एका नवऱ्याची ती गोष्ट. तिच्यावरून आर्थर मर्फी याने १७६१ साली लंडनमध्ये ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक रचले. ते इंग्रजी नाटक हरिपूरच्या देवलांच्या हाती आले आणि १८९३ साली त्याचे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य रूप तयार झाले. त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी, गंधर्व नाटक मंडळीसाठी, देवलांनी त्याच नाटकात पदे घालून त्याला संगीत रूप दिले. ते काम त्यांच्या आयुष्यातील अखेरचे ठरले. जून १९१६ मध्ये देवल वारले आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आले. कर्त्याने आपल्या नाटकाला उसळलेला हशा ऐकलाच नाही.

कथानकाचा गुंता एका तसबिरीभोवती आहे. एका तरुणीला रस्त्यात भोवळ येते. वाटेवरचा एक गृहस्थ, फाल्गुनराव, तिला सावरतो. ते त्याची बायको कृत्तिका पाहते आणि तिच्या मनात संशयाचा किडा शिरतो. त्या तरुणीपाशी असलेली तिच्या प्रियकराची तसबीर कृत्तिकेच्या हाती पडते. ती तसबीर बायकोच्या हातात पाहून फाल्गुनराव संशयाने पेटतो. आणि मग तीच तसबीर फाल्गुनरावापाशी पाहून प्रियकराचे डोके फिरते. एकही माणूस खोटे बोलत नाही, कोणी कोणाला फसवीत नाही, आणि तरीही सगळे घर पेटते. देवलांनी ‘झुंझारराव’मध्ये हाच मत्सर शोकांतिकेच्या रूपाने मांडला होता, तिथे एका रुमालावरून एका निरपराध स्त्रीचा जीव जातो. इथे तसबिरीवरून हसून हसून पोट दुखते. रोग एकच, एकदा त्याने माणूस मारलेला दाखवला, एकदा त्याने माणूस हास्यास्पद केलेला दाखवला.

या रूपांतरातील पहिली खूण म्हणजे नावे. फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, भादव्या हे पुरुष महिन्यांच्या नावांचे. रेवती, कृत्तिका, रोहिणी या स्त्रिया नक्षत्रांच्या नावांच्या. आपल्या पंचांगात महिन्यांची नावे मूळ नक्षत्रांवरूनच पडलेली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील खोडी कळते. घरोघरी खुंटीला टांगलेल्या पंचांगातून पात्रे उचलून देवलांनी लंडनच्या सरदारांना मराठी केले. प्रेक्षकाने नाव ऐकताच ओळखीचे हसू हसावे आणि मग परकेपणाचा विचारही त्याच्या मनास शिवू नये, अशी ही योजना आहे.

परंतु नावे बदलणे हा वरचा थर झाला. खरे रूपांतर नायिकेत आहे. मोलिएरच्या प्रहसनातील तरुणी एका खात्यापित्या नागरिकाची मुलगी आहे. मर्फीची बेलिंडा एका सद्गृहस्थाची मुलगी आहे. दोघींच्या प्रेमाच्या आड येतो तो बाप, त्याला आपल्या पसंतीचा जावई हवा असतो म्हणून. देवलांनी हा बाप काढून टाकला आणि रेवती ही नायकिणीची मुलगी केली. या एका फेरफाराने सगळे नाटक बदलले. आता अश्विनशेटाच्या मनात संशय येतो तेव्हा तो एका प्रियकराचा नुसता संशय राहत नाही. त्याच्या मागे सगळ्या समाजाचा संशय उभा असतो. नायकिणीची मुलगी ती, तिचे प्रेम खरे कसे असेल, असे तो समाज बोलून दाखवतो. तसबिरीचा घोटाळा हा निव्वळ योगायोग असतो. पण त्या योगायोगावर विश्वास ठेवावयास सारे एवढे तयार का होतात, याचे कारण तिच्या जन्मात आहे. कुलवंत घरातल्या कृत्तिकेवरही संशय घेतला जातो, पण तिला निदान भांडावयास स्वतःचे घर आहे. रेवतीला आपली सचोटी पहिल्यापासून सिद्ध करावी लागते.

ही कल्पना देवलांना कुठून मिळाली असावी, याचा माग त्यांच्याच नाटकांत सापडतो. १८८७ साली त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले होते. त्यात वसंतसेना ही गणिका शेवटी कुलवधू होते. शूद्रकाची वसंतसेना आणि मर्फीची बेलिंडा या दोघींना त्यांनी एकत्र आणले आणि त्यातून रेवती घडली. म्हणजे परदेशी सांगाडा, स्वदेशी परंपरेतील एक बीज, आणि भोवतालच्या समाजात धगधगणारा प्रश्न अशा तीन गोष्टी एका ठिकाणी आल्या. यांतील तिसरी गोष्ट नसती, तर पहिल्या दोन असूनही एक चतुर भाषांतर तेवढे झाले असते. देवदासींच्या विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा मुंबई प्रांताचा कायदा १९३४ साली झाला. त्याच्या अठरा वर्षे आधी, एका नायकिणीच्या मुलीचे लग्न व्हावे म्हणून मराठी प्रेक्षक नाट्यगृहात बसून टाळ्या वाजवीत होता. त्यातील कित्येकांना घरी तो विचारही सहन झाला नसता. विनोदाची ताकद ही अशी असते. व्याख्यान ऐकताना माणूस आपले पूर्वग्रह घट्ट धरून बसतो. हसताना त्याची मूठ सैल होते.

आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. या नाटकात हसे कोणाचे होते? स्त्रीच्या चारित्र्यावर विनोद करणारी प्रहसने त्या काळी काही थोडी नव्हती. शिकलेली बाई, पुनर्विवाह केलेली बाई, नायकीण ही हमखास टवाळीची गिऱ्हाइके होती. देवलांनी हसे संशय घेणाऱ्याचे केले. फाल्गुनराव जितका अधिक पाळत ठेवतो, तितका अधिक फजीत होतो. गणपतराव बोडसांनी हा फाल्गुनराव असा काही उभा केला, की त्या भूमिकेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. प्रेक्षागृहातील प्रत्येक नवऱ्याला तो ओळखीचा वाटला असणार, कारण तो थोडाफार प्रत्येकाच्या घरी नांदत होता. पाळत ठेवणाराच वेडा ठरतो, हे पाहून माजघरातल्या बायकांना काय वाटले असेल, याची नोंद कोणी करून ठेवलेली नाही. पण काल्डेरॉनच्या त्या कोंडलेल्या विधवेपासून रेवतीपर्यंत या सगळ्या विनोदी नाटकांचे मर्म एकच आहे. अब्रूच्या नावाने स्त्रीवर ठेवलेली पाळत ही हास्यास्पद गोष्ट आहे, आणि ती दाखवून देण्यासाठी शस्त्राची गरज नाही, हशा पुरतो.

येथवर देवलांचे श्रेय. परंतु समाजवादी दृष्टीने पाहणाऱ्याला येथे थांबता येत नाही. रेवतीला न्याय मिळतो तो कोणत्या अटीवर? ती आपल्या आईच्या धंद्यापासून दूर आहे, कुलस्त्रीसारखी वागते, आणि एक श्रीमंत, उदार मनाचा शेट तिच्यावर प्रेम करतो, म्हणून. म्हणजे नाटक एकीला वर उचलते आणि बाकीच्यांना होत्या तिथेच ठेवते. पात्रता सिद्ध केली तर एखादीचा उद्धार, हा मध्यमवर्गीय सुधारणावादाचा नेहमीचा मार्ग आहे. आणि देवलही आपल्या काळाचे व वर्गाचे होते. शिवाय रेवतीची भूमिका करीत होते बालगंधर्व. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. त्यांच्या गळ्याची आणि अभिनयाची थोरवी कोणी नाकारू शकत नाही. तरीही एक विसंगती उरतेच. नायकिणीच्या मुलीची कैफियत रंगमंचावर मांडली जात होती, पण जिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणे होते, त्या कलावंत स्त्रीला त्या मंचावर पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. तिची भूमिकाही पुरुषानेच करावयाची. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रियांनी पुढे रंगभूमीवर उभे राहून ही कोंडी फोडली. ते धैर्य समाजाने त्यांना सहजासहजी दिलेले नव्हते.

नाट्यगृहाच्या दाराबाहेरचा मोठा समाजही विसरून चालणार नाही. सातारा आणि सांगली हे जिल्हे आज वेगळे असले, तरी १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले, हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे हा एकच मुलूख आहे हे कळते. ज्या मुलखात राजधानीच्या गावी संगीत नाटक वाढले, त्याच मुलखातील वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जातीची बंधने तोडून तमाशाच्या फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. मातंग समाजात जन्मलेले, शाळेचे तोंडही जेमतेम पाहिलेले, मुंबईच्या गिरणगावात वाढलेले. त्यांचा पक्ष वेगळा होता. परंतु त्यांनी केलेली उसनवारी देवलांच्या तोडीची आहे. कामगारवर्गाचा जगभरचा विचार त्यांनी घेतला आणि तो वगात बसवला. तमाशातील गणात गणपतीला नमन असते; अण्णाभाऊंनी तेथे मायभूमीला, हुतात्म्यांना, राबणाऱ्यांना वंदन केले. गौळण गाळली. चौकट सगळी गावची, आशय नवा. ऐकणाऱ्याला पुस्तकी मार्क्स कळला की नाही कोण जाणे, पण आपला मालक आणि आपला सावकार त्याला त्यात बरोबर सापडला.

देवलांची आणि अण्णाभाऊंची दिशा उलटी दिसते. देवलांनी परके कथानक घेऊन त्यात घरचा प्रश्न घातला. अण्णाभाऊंनी घरचे रूप घेऊन त्यात जगाचा विचार घातला. पण रीत एकच. दोघांनीही आपल्यासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा आधी पाहिला. रूप आणि आशय यांपैकी निदान एक गोष्ट त्या माणसाच्या अंगवळणी पडलेली असली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. दोन्हीही परकी ठेवली, की त्याचे परिपत्रक होते.

राजकारणातही याच मुलखाने ही रीत दाखवून दिलेली आहे. १९४२च्या आंदोलनानंतर येडे मच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६पर्यंत टिकले. समांतर सरकार ही कल्पना काही कुंडल किंवा वाळव्याच्या शेतात उगवलेली नव्हती. जगातील अनेक क्रांत्यांत ती येऊन गेली होती. पण ती येथे आली ती गावच्या न्यायदान मंडळाच्या रूपाने, तुफान सेनेच्या रूपाने, बडेजाव आणि कर्ज टाळून साधेपणाने लावलेल्या गांधी-लग्नांच्या रूपाने. शाहीर निकमांच्या पोवाड्यांनी ती रात्रीच्या सभांत घरोघर नेली. आणि लोकांनी तिचे नाव बदलले. ‘प्रतिसरकार’चे ‘पत्री सरकार’ झाले. बैलाच्या खुरांना जशी पत्री ठोकतात, तशी गद्दारांच्या आणि गुंडांच्या तळपायांना बसते, अशा अर्थाने. संस्कृत शब्दाची लोकांनी केलेली ही कोटी आहे, आणि तिच्यात दरारा व हशा दोन्ही आहेत. एखादी राजकीय संज्ञा लोकांच्या तोंडी जाऊन अशी मोडते, वाकते, नवा अर्थ घेऊन परत येते, तेव्हाच ती रुजली असे समजावे. ज्या संज्ञा चाळीस वर्षे उच्चारूनही छापल्या होत्या तशाच शुद्ध राहतात, त्या कोणी वापरलेल्याच नसतात.

समाजवादी चळवळीला हे माहीत नव्हते असे नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने हेच केले. पु. ल. देशपांड्यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य या कलापथकाने गाजवले. निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे नट त्या तालमीत तयार झाले. त्याच पु. लं.नी पुढे १९७८ साली ‘तीन पैशांचा तमाशा’ लिहिला. लंडनमध्ये १७२८ साली जॉन गे याने रचलेला भिकाऱ्यांचा ऑपेरा, त्यावरून १९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्तने केलेले नाटक, आणि त्यावरून मराठी तमाशा, असा तो अडीचशे वर्षांचा प्रवास. चोर आणि प्रतिष्ठित यांच्यातील अंतर किती थोडे, हे सांगणारी ती गोष्ट तिन्ही ठिकाणी घरचीच वाटली, कारण ती परिस्थिती तिन्ही ठिकाणी घरचीच होती.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या सगळ्यातून घ्यावयाचा धडा काय? बाहेरून आलेल्या विचाराबद्दल ओशाळे होण्याचे कारण नाही. कानडी खेळावरून मराठी नाटक झाले, फ्रेंच प्रहसनावरून ‘संशयकल्लोळ’ झाले. समाजवाद बाहेरून आला यात विशेष काही नाही. मात्र उसने घेतलेल्या विचारात रेवती घालावी लागते. ज्या गावात, ज्या वस्तीत कार्यकर्ता जातो, तेथील नेमका दुखरा बिंदू कोणता, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ऊसतोडणीची उचल असो, दुष्काळी आटपाडी-जतचे पाणी असो, की पुराने दर काही वर्षांनी उठवलेली कृष्णाकाठची घरे असोत. विचाराचा सांगाडा त्या बिंदूवर आणून ठेवला नाही, तर ते भाषांतर राहते. आणि मग हसे कोणाचे होते, हेही तपासले पाहिजे. सभेतला विनोद दुबळ्यावर, स्त्रीवर, जातीवर होत असेल, तर टाळ्या कितीही पडोत, तो विनोद प्रतिपक्षाचाच आहे. हसे पाळत ठेवणाऱ्याचे, संशय घेणाऱ्याचे, सत्तेच्या खिडकीत उभे राहून दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्याचे व्हावयास हवे.

अखेरीस रेवतीकडे परत येणे प्राप्त आहे. देवलांनी तिची बाजू मांडली, बालगंधर्वांनी ती गाऊन दाखवली, प्रेक्षकांनी तिला आशीर्वाद दिले. तिला स्वतःला काय म्हणावयाचे आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. हरिपूर ज्या सांगलीला लागून आहे, त्या सांगलीत १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन झाली. धंदा करणाऱ्या स्त्रियांनीच ती चालवली. पोलिसांच्या छळाविरुद्ध, दवाखान्यातील अपमानाविरुद्ध, मुलांना शाळेत मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्या बोलू लागल्या. आमचा उद्धार करू नका, आमचा हक्क द्या, असा त्यांच्या मागणीचा आशय होता. त्यांच्यातील काही जणींनी स्वतः रंगमंचावर उभे राहून आपल्या जीवनाचे नाटक केले. त्यांच्यासाठी कोणी अश्विनशेट यावा लागला नाही.

‘संशयकल्लोळ’चे प्रयोग यापुढेही होत राहतील आणि ते व्हावेत. कार्यकर्त्यांनी ते नाटक पाहावे, मनमुराद हसावे, आणि घरी परतताना फाल्गुनराव आपल्या संघटनेत कुठे बसला आहे याचा शोध घ्यावा. सभासद स्त्री उशिरापर्यंत काम करते म्हणून कुजबुजणारा, वस्तीतल्या कार्यकर्त्याच्या हाती हिशेब देताना दोनदा विचार करणारा, तो तिथेही असतोच. देवलांचे देणे एवढे तरी फेडावयास हवे.